डॉक्टरांची यादी पुसताना

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर धुळ्यात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतली एक मी, याचा मला केवढा तोरा होता. सोमवारी पहाटे पिंप्राळ्याहून निघायचं, जळगाव स्टँडवर एसटी पकडायची, शनिवारपर्यंत धुळ्यात मावशीकडे राहायचं आणि भेटेल त्याला अक्कल शिकवायची, असा माझा आठवडा असे. कुष्ठरोगावर उपचार करणारे एक वयस्क डॉक्टर दवाखाना बंद करून आपला कॉम्प्युटर चोपड्याच्या एका शाळेला देणार होते. आतलं सगळं पुसून द्यायला त्यांनी मला बोलावलं. "पाच मिनिटांचं काम," मी म्हणाले आणि खरोखरच पाच मिनिटांत करून, चहा पिऊन निघाले.

आत काय होतं ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी रोज दुपारी एकेका बोटानं टाइप करून जुन्या कार्डांवरचे सगळे पेशंट त्यात चढवले होते. नाव, गाव, रोग कधी दिसला, उपचार कधी संपले. निम्मी गावं चोपड्याच्याच आसपासची होती. पेशंट ठणठणीत बरे झाले होते, पण नाव फुटलं असतं तर कुणाची सोयरीक मोडली असती, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं लोकांनी सोडलं असतं. म्हणून डॉक्टरांनी कार्डं स्वतः बंबात घालून जाळली होती. उरला होता तो कॉम्प्युटर.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. माझ्या झपाट्यात, शाळेला कॉम्प्युटर देण्याच्या समारंभासाठी लिहिलेलं त्यांचं भाषणही गेलं होतं. पुसलेलं परत आणण्याची एक कमांड मी पुस्तकात वाचली होती, वापरली कधीच नव्हती. भीतभीत ती दिली. कॉम्प्युटरनं एवढंच विचारलं की या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कोणतं? मी ते दाबलं आणि भाषण जसंच्या तसं आलं. मग त्यानं पुढच्या फाइलचं अक्षर विचारलं. तेही दाबलं. ती यादी होती. उघडून पाहिली तर नाव, गाव, तारीख, सगळं जागच्या जागी. आदल्या दिवशी मी शपथेवर सांगितलं असतं की हे जगातून गेलं. इतकी वर्षं ज्याच्यापुढे बसून मी मिरवत होते, त्याची स्मरणशक्ती मला ठाऊकच नव्हती.

"मग काल तू केलंस काय?" डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं.

"दारावरची पाटी काढली," मी म्हणाले. "आतली माणसं आतच आहेत. दुसरं कुणी राहायला येईपर्यंत ती हलत नाहीत."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. आपलं भाषण छापून घेऊन ते जेवायला गेले.

दवाखान्यात बारा वर्षं मलमपट्टी करणारी अक्का तिथेच कपबशा विसळत होती. डॉक्टरांची पाठ वळताच तिनं दार लोटलं.

"माय, त्यामा मन्हं नाव बी शे," ती म्हणाली. "मन्हा पोर त्याच शाळामा मास्तर शे. त्याले काही माहीत नही. त्याले कळाले नको."

तिच्या पाठीवर एक चट्टा होता, तो गेला, आणि ती इथेच कामाला राहिली. घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. माझ्या पाच मिनिटांच्या कामावर या बाईची बारा वर्षं टांगलेली होती. मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मी तिला पाटीचं आणि माणसांचं पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "मंग भरी टाक ना त्यामा काही. रिकामं भांडं कोणी परत देस का?"

आमच्याकडे शेजारणीचा डबा आला तर तो रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. कॉम्प्युटरच्या बाबतीत हे मला सुचलं नव्हतं आणि पुसायचा खरा उपाय तोच होता. जुन्यावर नवं लिहीत सुटायचं, जागा संपेपर्यंत. "काय भरू?" मी विचारलं. तिनं जरा विचार केला आणि वांग्याच्या भरताची कृती सांगायला लागली. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे. मी ती इंग्रजी अक्षरांत टाइप केली.

पण यादी पुसण्याआधी ती म्हणाली, "मन्हं नाव दखाड."

मी दाखवलं. शेवटच्या रकान्यातली तारीख वाचून सांगितली, म्हणजे ती पूर्ण बरी झाल्याचा दिवस. तिनं पुन्हा वाचायला लावलं. तिच्या बरं होण्याचा तेवढाच लेखी पुरावा उरला होता.

"आते पुशी टाक," ती म्हणाली.

मी यादी पुसली आणि मग कृतीची फाइल स्वतःलाच जोडत गेले, एकाची दोन, दोनाची चार. पंधरा-सोळा वेळांत एक पानभर भरीत अख्ख्या डिस्कला पुरलं आणि जागा संपल्याचा संदेश आला. एरवी तो दिसला की मी शिव्या द्यायचे. मग मी तिचं नाव, तिचं गाव, सगळं शोधून पाहिलं. कुठेच नव्हतं. भरताच्या फाइली पुसून, मोकळा कॉम्प्युटर घेऊन आम्ही समारंभाला चोपड्याला गेलो.

शाळेत अक्काच्या मुलानं कॉम्प्युटर जोडला. डॉक्टर आणि अक्का बाहेर मांडवात होते. त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल? पुसलेलं परत आणायची तीच कमांड दिली. मी भडकले.

"सर, लोकांची गुपितं उकरायची असतील तर मी हा परत घेऊन जाते."

त्यानं ऐकलं नाही. पडद्यावर भरताची कृती आली. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली, तेच. तो वाचत खालपर्यंत गेला आणि खुर्चीत मागे टेकला. त्याचे डोळे भरून आले होते.

"हे आईचं भरीत. तिनंच पुसून घेतलं ना?" तो म्हणाला. "मी सातवीत होतो. गोळ्यांचं पाकीट ती पिठाच्या डब्यात लपवायची. मी त्यावरचं नाव वाचलं आणि डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, ती बरी होणार आहे, पण तुला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस. आत काही उरलं असेल तर आज दुसऱ्या कुणाच्या हाती लागण्याआधी मला बघायचं होतं."

म्हणजे आईनं मुलापासून लपवलं, मुलानं आईपासून, आणि डॉक्टरांनी दोघांचंही गुपित सांभाळलं. मी मान वर करू शकले नाही. आपण फार मोठ्या माणसांत उभे आहोत, एवढंच कळत होतं.

परतीच्या एसटीत अक्का माझ्याशेजारी बसली. गाव मागे पडल्यावर तिनं हळूच विचारलं, "त्यानी काही इचारं का?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही विचारलं."

तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि अमळनेर येईपर्यंत ती गाढ झोपली होती.