विलासचा कागद

विलास गेल्याची बातमी मला वाचनालयात आली, त्यानेच चार दिवसांपूर्वी सुरू करून दिलेल्या वायफायवर. राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. महिना उलटला, आता कळतंय.

डोणगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी गावचं वाचनालय सांभाळू लागलो आणि तो मेहकरात कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. वाचनालयाच्या जुनाट लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटातली सिस्टम टाकली ती त्यानेच. पोरं त्यावर परीक्षांचे फॉर्म भरत. दुखणं एकच. सिस्टम अपग्रेड केली की वायफाय गायब. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा बसवावा लागे, आणि तो उतरवून घ्यायला इंटरनेटच नसे. मग विलास फटफटीवर यायचा, मोबाईल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचा, ड्रायव्हर बसवायचा आणि चहा मागायचा. "शिकून घे ना बे," म्हणायचा. मी म्हणायचो, "तू हायेस ना." शेवटी त्याने सगळं एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलं. मी हसलो. वाचला मात्र कधीच नाही.

तो अकोल्याला दवाखान्यात असताना मी अपग्रेडचं बटण दाबलं... फॉर्मचा शेवटचा दिवस होता, पोरं खोळंबली. मी फोन लावला, वहिनींनी उचलला. "भाऊजी, त्याइले लय धाप लागून राह्यली." मागून विलास म्हणाला, "दे इकडे." त्याच्या सांगण्यावरून एका पोराचा मोबाईल केबलने जोडला. नेट आलं. "पोराइचं काम भागलं," तो म्हणाला, "बाकीचं कागदावर पाह्य." मी म्हणालो, "आता फोन लावलाच हाये, तर सांगूनच टाक." त्याने सांगितलं. एकेक अक्षर, मध्ये थांबून, श्वास घेऊन... पाऊण तास. वायफाय आलं. तब्येतीचं विचारायचं राहूनच गेलं.

तेराव्याला लोक म्हणाले, दोस्ती असावी तर अशी. मी मान डोलावली. वहिनींनी माझ्याकडे न पाहता चहा दिला.

परवा पुन्हा अपग्रेड आलं, वायफाय गेलं. लॅपटॉप उलटा केला. कागदाचे कोपरे काळे पडलेत, पण अक्षर स्वच्छ आहे. पहिली ओळ, आधी केबल लाव. पुढे तेच, त्याच क्रमाने, जे त्याने धापा टाकत सांगितलं होतं. त्यावरून मी दहा मिनिटांत वायफाय सुरू केलं. सगळ्यात खाली त्याने लिहिलंय, "झालं ना बे? आता मले फोन करू नको."