कचऱ्याचं घमेलं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढ्यावर मी तासगावकडच्या एका बेदाणा शेडवर चिठ्ठ्या लिहायचं काम मिळवलं होतं. माल निवडायला पुष्कळ बायका होत्या, पण न अडखळता लिहिणारी मी एकटी. प्रत्येक सुपात एक चिठ्ठी पडायची: माल कोणाचा, जाळीच्या कुठल्या रॅकवर वाळलेला, रंग कसा, बाद असेल तर का बाद. मालक म्हणायचा, "ढिगाला काय इचारायचं? ढीग बोलत न्हाई." सुपाला मात्र विचारता यायचं.

हे सगळं मला नातीमुळे आठवलं. ती साताऱ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि आता घरीच सोप्यात टेबल टाकून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कंपनीनं तिला सहा महिने पारखायला घेतलं होतं. शेवटचं काम एके दिवशी दुपारी चारला वरच्या मॅडमना दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. गावात बसून असलं काम जमत नाही, असं त्या मॅडमचं मत होतं. नातीनं हे मला सांगितलं नव्हतं. फोनवर चाललेलं मी ऐकलं होतं. मी म्हातारी आहे, बहिरी नाही.

काम काय ते मी तिच्याकडून तीनदा समजून घेतलं होतं. प्रोग्रॅम नीट चालतो का, हे बघायला त्याच्या चाचण्या घेतात. चाचण्या झाल्या की पडद्यावर ओळीच ओळी येतात: ही पास, ही नापास, ही अमक्या कारणानं घेतली नाही. नुसत्या ओळींचा तो ढीगच. नातीचं काम म्हणजे एकेक ओळ वाचायची आणि तिची एक स्वतंत्र वस्तू करायची. त्याला ती ऑब्जेक्ट म्हणते. त्या वस्तूला तिचा नंबर, नाव, निकाल, कारण, सगळं विचारता येतं. हे तयार करून ठेवलं की दुसऱ्यांना आपल्या कामात जसंच्या तसं वापरता येतं. त्याला लायब्ररी म्हणतात.

त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसून शेंगा फोडत होते. ती म्हणाली, "आज्जी, बघ. एकबी नापास न्हाई."

"आन् कचरा कुठं हाय?"

"कसला कचरा?"

"ज्या ओळी तुझ्या प्रोग्रॅमला वळखू आल्या न्हाईत, त्या."

"त्या टाकून देतो तो. कायबाय छापलेलं असतंय गं त्यात."

"बघून टाकतोय का?"

आतून सून म्हणाली, "आवं आत्याबाई, आज तरी तिला डिवचू नका. चारला दाखवायचंय तिला."

मी डिवचत नव्हते. आमच्या शेडवर रीत होती की काडी, खडा, तारेचा तुकडा, जे बेदाणा नाही ते वेगळ्या घमेल्यात टाकायचं आणि संध्याकाळी मालकानं बघितल्याशिवाय फेकायचं नाही. एकदा मला घरी जायची घाई होती. मी घमेलं दुपारीच उकिरड्यावर पालथं केलं. त्यात तारेचे तुकडे होते. मालकाला ते दिसले असते, तर रॅकची जाळी तुटलीय हे त्याच दिवशी कळलं असतं. पण माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर माल चांगला असंच लिहिलेलं. आठवड्यानं बाजारातून पेट्या परत आल्या, आतून तार निघाली. मालक चारचौघींत बोलला ते मी अजून विसरलेले नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

हे मी तिला सांगितलं आणि शेंगा फोडायला लागले. तिनं प्रोग्रॅमनं टाकलेल्या ओळी काढून वाचल्या. त्यात एक ओळ अशी होती की पुढे जाता येत नाही, चाचण्या इथेच थांबवल्या. निम्म्याअधिक चाचण्या झाल्याच नव्हत्या. न झालेली चाचणी नापास कुठून होणार?

"आज्जी, मी हेच दाखवणार हुते गं," ती म्हणाली.

"आजून दाखवलं न्हाईस. बस कामाला."

ती जेवायलाही उठली नाही. न कळलेल्या ओळीचीही तिनं वेगळी वस्तू केली. थांबल्याची ओळ आली तर सगळा निकालच अर्धवट म्हणून सांगायचा. शिवाय सुरुवातीला किती चाचण्या म्हणून सांगितलं आणि खरोखर किती आल्या, याचा मेळ बसतो का तेही बघायचं. यातलं एक अक्षर मला लिहिता आलं नसतं. तिनं ते साडेतीनपर्यंत केलं.

चारला मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी मुद्दाम मध्येच बंद पडलेल्या चाचण्यांच्या ओळी पाठवल्या. नातीच्या प्रोग्रॅमनं सांगितलं: अर्धवट, आणि का ते. मॅडमनी तो निकाल आणि वेगळ्या ठेवलेल्या ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "न ओळखलेल्या ओळी तुम्ही का ठेवल्या? बहुतेकजण टाकतात."

"आमच्याकडं बघितल्याशिवाय टाकत नाहीत," नात म्हणाली.

नोकरी पक्की झाल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं.

नंतर ती मला म्हणाली, "तुझं नाव घ्यायला पायजे हुतं."

"कशाला? मी कचरा कुठाय इचारलं. काम तू केलंस."

शेजारणीला मात्र मी संध्याकाळीच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "लय सांगतीस नातीचं. करती काय ती नेमकं?"

"ढिगाची सुपं करती, आन् हरेक सुपात चिठ्ठी टाकती."

तिला पुढे काही विचारावं लागलं नाही. ती माझ्याच शेडवर होती. फक्त एवढं म्हणाली, "आन् घमेलं?"

"ठेवलंय," मी म्हटलं.