मिलूदीची बिनशिशाची झिलई

साफी शहराच्या कुंभारटेकडीवर मिलूदीच्या वाट्यांना तोड नव्हती. शिशाची पूड पाण्यात कालवून तो हातानंच झिलई द्यायचा. दुपारी हात जेमतेम पुसून त्याच हातानं भाकरी मोडायचा. त्याचा बापही असाच जेवला होता.

लग्नाला बरीच वर्षं झाली, पण घरात पाळणा हलला नाही. एका शुक्रवारी कुसकुसच्या ताटाभोवती सगळे बसलेले असताना आईनं विषय काढला. "दुसरी बघते तुझ्यासाठी. या यामनाची कूस काही उजवत नाही." यामना ताटावरून उठून गेली. मिलूदीही उठला.

तो जडीबुटीवाल्या बा लहसनकडे गेला.

"बायकोसाठी हवंय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही. माझ्यासाठी."

बा लहसननं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तोंड उघड. हिरड्यांवर ही निळी रेघ कसली रे? शिसं भिनलंय तुझ्यात. कलौंजीचं काळं बी देतो, मधातून घे. पण रोज विष पोटात घालणार असशील, तर माझ्या कलौंजीनं काय करावं? आधी डॉक्टरकडे जा."

दोघांच्या तपासणीत तेच निघालं. रक्तात शिसं भिनलं होतं, वीर्य दुबळं झालं होतं. यामनात काहीच दोष नव्हता.

पुढच्या शुक्रवारी काका, भाऊ, सगळे जमले असताना मिलूदी म्हणाला, "आई, दोष माझ्यात आहे. यामनाला यापुढे कुणी बोललेलं मला चालणार नाही."

भाऊ तैबी खाकरला, "असलं कुणी चारचौघांत सांगतं का?"

"मी सांगतो."

त्यानं शिसं बंद केलं. बिनशिशाच्या झिलईच्या पहिल्या वाट्या फोड आलेल्या निघाल्या, पुढच्या राखेसारख्या निस्तेज. "गाढवाला पाणी पाजायला बऱ्या आहेत," तैबी हसला. जुनी गिऱ्हाइकं तैबीच्या शिशाच्या वाट्यांकडे वळली. मिलूदी झिलईतली वाळू बदलत राहिला, भट्टीची आच बदलत राहिला. डॉक्टरांची औषधं चालू होती, आणि सकाळी कलौंजी-मध चाटून झाल्याशिवाय यामना त्याला उंबरा ओलांडू देत नव्हती.

"कडू आहे गं."

"आईंच्या बोलण्याइतकं नाही ना? गिळा."

हळूहळू रक्तातलं शिसं उतरलं. झिलईही जमली, जुन्यापेक्षा मंद, पण गुळगुळीत. मग यामनाला दिवस गेले आणि मुलगी झाली. नाव ठेवलं इत्तो.

"कलौंजीनं झालं का हो?" यामनानं डॉक्टरांना विचारलं.

"कलौंजीचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिसं सुटलं नसतं तर मात्र अवघड होतं, एवढं नक्की."

टेकडीवर बातमी पोचली ती कलौंजीचीच. बा लहसनच्या दुकानापुढे कुंभारांची रीघ लागली. म्हातारा पुडी बांधण्याआधी प्रत्येकाला एकच विचारायचा, "शिसं सोडलंस?" बरेचजण चिडून परत जायचे.

तैबीलाही मूल हवं होतं; तोही तसाच परतला होता. थोड्या दिवसांनी तो मिलूदीच्या भट्टीशी येऊन उभा राहिला. मग त्यानं बाह्या वर सारल्या.

"ती तुझी झिलई कशी कालवतोस, दाखव बरं."