ट्रेमध्ये दाखवलेली गाठ

बोईसरच्या एका सर्जनने माझ्या धाकट्या भावाला, नरेशला, फसवलं. नरेश जाऊन महिना झाला. शोकसभेत हे बोलू नको, असं सगळ्यांनी बजावलं म्हणून तेव्हा गप्प राहिलो. इथे लिहिताना राहणार नाही.

नरेशची चिंचणीला चिकूची वाडी. माझा तारापूरच्या कारखान्यांतल्या भंगाराचा धंदा, एकट्याने उभा केलेला. पितळसुद्धा कानशीने घासून बघितल्याशिवाय मी घेत नाही. बाजारात मी मासळीचा भाव पाडून पुढे गेलो, की नरेश मागून त्या मासळीवालीच्या टोपलीत चार चिकू ठेवायचा. "दादा, तू यमाशी पन घासाघीस करशील," म्हणायचा...

त्याच्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, पण वाढत होती. सर्जनने ती काढली आणि आपल्याकडे करतात तशी स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर दाखवायला आणली. "चरबीची आहे, बघून घ्या." आम्ही सगळ्यांनी वाकून बघितली, हात जोडले. डोळ्यांनी बघितली, म्हणजे सगळ्यांना खात्रीच पटली. तरी मी विचारलं, "तपासायला पाठवणार ना?"

"पाठवतो हो." टाके काढायला गेलो तेव्हा म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे."

वर्षभरात त्याच जागी पुन्हा गाठ. या वेळी पालघरच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. मांसातला कर्करोग. "पहिल्या गाठीचे तुकडे लॅबमध्ये जपून ठेवलेले असतील. आणा, ताडून बघते," त्या म्हणाल्या.

मी बोईसर गाठलं. कुठली लॅब, ते सर्जनला सांगता येईना. शेवटी म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतः बघितलीत ना? साधीच दिसत होती. टाकून दिली." मी टेबलावर हात आपटला, तेव्हा दवाखान्यातल्या दोघांनी मला धरून बाहेर काढलं.

"या गाठी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत," पालघरच्या बाई म्हणाल्या. "तेव्हाच कळलं असतं, तर हाताशी वेळ होता." तोवर रोग फुफ्फुसात पोचला होता.

"दादा, भांडू नको. मी दमलो हाय," नरेश म्हणाला.

"तू दम खा. भांडन माझं हाय," मी म्हणालो. तो हसला... खोकत हसला.

वैद्यक परिषदेकडे तक्रार दिली आहे. मिटवून टाका म्हणत मध्यस्थ येऊन गेले. आयुष्यभर घासाघीस केली, यात करणार नाही. डॉक्टर, नरेशच्या बायकोसमोर बसा आणि सांगा: जी कुठे पाठवलीच नाही, त्या गाठीचा चांगला रिपोर्ट तुम्ही कुठे वाचलात?