सावंतकाकांच्या परसातलं लिंबू

गेल्या महिन्यात एका सोमवारी, पार्ल्यात आमच्या कॉलेजच्या मागच्या शेडनेटमध्ये, लिंबाच्या रोपांनी मला पार जमिनीवर आणलं...

लिंबावर खैऱ्या नावाचा बॅक्टेरियाचा रोग येतो. पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके... आणि बागेची वाट! कुठली जात या रोगाला दाद देत नाही, ते शोधणं माझं काम. म्हणजे मी धडधाकट रोपांची पानं सुईने टोचून मुद्दाम रोग लावते आणि मग ठिपके मोजत बसते. आई याला नसते उद्योग म्हणते.

या वेळी आठ जाती होत्या. सात रीतसर मागवलेल्या, आठवी आमच्या माळीकाकांची. सावंतकाका मालवणकडचे. गावच्या परसातल्या झाडापासून त्यांनी स्वतः रोपं तयार करून दिली होती, "आमच्या झाडाक काय्येक होना नाय" अशा खात्रीने.

तीन आठवड्यांनी सात जातींची पानं ठिपक्यांनी भरली. काकांच्या रोपांवर एकही नाही! मी नाचायचीच बाकी होते. रिपोर्ट लिहायला घेतला, आणि आता ही रोपं शेतकऱ्यांना द्यायची, असं काकांना सांगूनही टाकलं.

काका खूश होतील असं वाटलं होतं... ते झारी उचलून शेडनेटकडे निघून गेले. दुपारी लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, ठिपके इल्ले होते. मियां रोज सकाळी ती पानां खुडलंय... लोकांनी लावल्यानी तर तेंची वाट लागतली."

मला राग आला, खूप आला. तशीच शेडनेटमध्ये गेले, तर फांद्यांवर खुडल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. टोचलेली पानं जागेवर आहेत का, हे मी पाहिलंच नव्हतं... मलाही ते झाड पास व्हायलाच हवं होतं ना!

दुसऱ्या दिवशी काकांच्याच झाडाची नवी रोपं घेतली. फांदी काकांनी धरली, सुई मी टोचली. दर वेळी ते मान फिरवत होते.

परवा निकाल लागला. ठिपकेच ठिपके... काकांनी स्वतः मोजले, मी लिहून घेतले.

तीस वर्षं दुसऱ्यांची झाडं सांभाळणाऱ्या माणसाचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच झाड. कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यांसाठी त्याने ते नापास होऊ दिलं. रिपोर्टमध्ये हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं, मला कळेना... म्हणून इथे लिहितेय.