ठमाबाईच्या अकरा विश्रांती

ठमाबाईची हाक आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत सहाव्या मजल्यापर्यंत पोचते. लिफ्ट बंद असली तरी पोचते. "मासलीऽऽय!" यातल्या 'मा'वर जोर नाही, 'सली' अर्धी गिळायची, आणि शेवटचा 'य' दोन इमारतींच्या मधल्या फटीत सोडून द्यायचा, म्हणजे तो समोरच्या काचांवर आपटून परत येतो. मला हे माहीत आहे, कारण एका रविवारी मी बाल्कनीतून तसाच सोडला होता आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पातेलं घेऊन खाली उतरल्या होत्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

ठमाबाई मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आभा, हाक चांगली मारतंस गो. पन हाकेचे मागं टोपली नाय. टोपलीचा वजन आवाजान येवाला पायजे."

आधार कार्डावर ती सदुसष्ट वर्षांची आहे, स्वतःच्या मते "बक्कल". डावा गुडघा दुखतो, म्हणून जिना चढताना उजवा पाय पुढे आणि डावा त्याच्या ओळखीने मागून. डोक्यावर टोपली, हातात एक वेगळी निळी पिशवी. त्या पिशवीत काय असतं ते मी कधी विचारलं नव्हतं. टोपली ती एकटी कधीच उतरवत नाही. दारात उभी राहून म्हणते, "हात लाव गो," मग आई एका बाजूने धरते, टोपली खाली येते. निघताना पुन्हा "हात लाव गो", टोपली वर. मधल्या वेळात आईचं ठरलेलं वाक्य:

"ठमाबाई, उरणचा टेम्पो सातला येतो म्हणता आणि आमच्याकडे साडेदहा? तोवर मासा रिटायर होतो."

"बाय, मासली मेल्यावर तिला कंची घाई?"

आता माझी ताई. अनुष्का. ती शहरं कॉम्प्युटरवर बसवणाऱ्या एका कंपनीत काम करते, आणि आठवड्यातले चार दिवस आमचं जेवणाचं टेबल हेच तिचं ऑफिस असतं. स्क्रीनवर आख्खं करंजाडे आहे. इमारती राखाडी ठोकळ्यांसारख्या उभ्या राहतात, माऊसने शहर भोवऱ्यासारखं फिरवता येतं, सकाळी कुणाची सावली कुणाच्या खिडकीत पडते तेही दिसतं. आमची इमारत मला तिथे पहिल्यांदा वरून दिसली. गच्चीवर कुणाचा तरी मोडका पाळणा आहे. इतकी वर्षं इथे राहून मला ते ठाऊक नव्हतं.

ताईचं नवीन काम फिरत्या विक्रेत्यांचं होतं. कोण कुठे फिरतं, कुठे थांबतं, याचा नकाशा करायचा आणि त्यावरून कुणाला फिरतीचं कार्ड द्यायचं ते ठरणार. कार्ड नाही मिळालं तर लांबच्या सेक्टरातल्या नव्या मच्छी बाजारात एक ओटा. तिथे बसून विकायचं, टोपली घेऊन फिरायचं नाही. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सात दिवसांसाठी एक ॲप टाकलं. तुम्ही चालता तशी मागे रेघ उमटते. थांबलात की आतली बाई गोड आवाजात विचारते, "इथे विक्री झाली का?" मग हिरवं बटण म्हणजे झाली, लाल म्हणजे नाही. थांब्यांपैकी निम्म्याहून जास्त हिरवे, तर कार्ड.

ठमाबाईच्या मुलाने, कल्पेशने, आपला जुना फोन तिच्या कमरेला बटव्यात बांधून दिला. तो उरणला बंदरावर कामाला आहे, पंधरा दिवसांनी येतो. त्याने तिला बटणं शिकवली तेव्हा मी तिथेच होते.

"आय, हिरवा म्हंजे इकला. लाल म्हंजे नाय इकला. समाजला?"

"मी काय आंधली हाय?"

"आंधली नाय, पन तू खरा बोलतंस. तेचीच भीती हाय."

सात दिवसांनी ताईने ठमाबाईची रेघ उघडली आणि चहाचा कप तसाच हातात धरून बसली. सकाळी सात ते साडेनऊ नुसता गुंता. सेक्टर दोनहून सहा, सहाहून पुन्हा दोन, मग पार तिसरीकडे, मग उलटं पहिल्याच्या पाठीमागे. मांजराने लोकरीचा गुंडा घेऊन पळावं तसं. आणि त्या गुंत्यात अकरा लाल ठिपके. रोज तेच अकरा, रोज त्याच क्रमाने. साडेनऊनंतर मात्र रेघ शहाण्यासारखी सरळ, एक सोसायटी, तिच्या शेजारची, मग आमची, त्यापुढची. दहा हिरवे.

"दहा हिरवे, अकरा लाल," ताई म्हणाली. "एकाने गेलं. हे अडीच तास ही बाई करते काय?"

ठमाबाईला दुपारी बोलावलं. कल्पेश सुटीवर होता, तोही आला. तो सोफ्याच्या कडेवर टेकला. ती दारापाशी भिंतीला धरून उभीच राहिली. आई म्हणाली बसा, तर म्हणे, "सोप्याला वास लागल. मंग तुमी मना नाय, सोप्याला वराडाल."

ताईने स्क्रीन तिच्याकडे वळवला. "ठमाबाई, या अकरा जागी तुम्ही थांबता. कुणी काही घेत नाही. मग थांबता कशाला?"

"त्या आमची आली हाय."

"आळी? हे तर सगळे वेगवेगळे सेक्टर आहेत."

मग तिने सांगितलं. खाडीकाठी तिचा पाडा होता, तिथे आता विमानतळ आहे. पाड्यातल्या लोकांना इकडे भूखंड मिळाले, कुणाला कुठला ते सोडतीत निघालं त्याप्रमाणे. आळीतली बारा घरं बारा दिशांना गेली. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोघींच्या मध्ये आता दोन सेक्टर आणि एक नाला.

"नि आमचे आलीन वानोला द्याची रीत. मासली आली का पयला घरोघरी येकेक. मंग गिराईक. आधी गिराईक केला तर पाप नाय लागत, पन बरा नाय वाटत."

निळ्या पिशवीत काय असतं ते मला तेव्हा कळलं. अकरा मासे.

"अगं आय," कल्पेश कपाळाला हात लावून म्हणाला, "मंग हिरवा दाबवाचा ना."

"वानोला कोन इकतं का रं? ती बाय इचारते इकला का. मी म्हनली नाय."

"ती बाय म्हंजे मशीन हाय."

"मशीनला खोटा सांगवाचा?"

ताईच्या ॲपमध्ये वानोळ्याचं बटण नव्हतं. तिने दोनदा यादी वरखाली केली, तरी नव्हतं.

ताईच्या स्क्रीनखाली एक पट्टी आहे. ती डावीकडे ओढली की मागच्या सालांची उपग्रहचित्रं येतात. मी ओढली. ठोकळे वितळले, रस्ते गेले, आमची इमारत गेली आणि तिच्या जागी हिरवं काहीतरी आलं. ताईने नकाशा खाडीकडे सरकवला. ठमाबाई पुढे वाकली.

"या काय?"

"तुमचा पाडा."

"नाय. आमचा पारा असा नवता."

तिने आपलं घर वरून कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? ती कौलं नजरेने उलटसुलट करत राहिली. मग पाण्यालगत बारीक रेघांचा एक झुबका दिसला आणि तिचं बोट थेट स्क्रीनवर टेकलं. ताईला स्क्रीनवर बोट अजिबात चालत नाही. तरी तिने स्क्रीन मागे ओढला नाही.

"ही बोंबील सुकवाची वलांडी. आमची. मंग हा दार. मंग हा धर्मराजाचा." बोट सरकत गेलं. "धर्मराज गेला. पोरांनी जागा इकली, तिते टावर झाला. वाचमनला देतंय मासली. हा घर भारोत्री लोकांना दिलंय, ती बाई दार उगडते पन साखली काढत नाय. ही रमा." आणखी तीन कौलं ओलांडून बोट इथे थांबलं होतं. "रमा उरनला गेली पोराकडं. घराला टाला हाय दोन वर्सं. तिचे दारान मांजर खातं."

आळी सरळ होती. फूटपट्टीने आखल्यासारखी. ताईने लाल ठिपक्यांना क्रमांक दिलेले होते, एक ते अकरा. मी ते ठमाबाईच्या बोटाशी लावत होते. पहिला धर्मराज, दुसरं ते भाडोत्री, सहावी रमा. तो गुंता नव्हताच. ती अजून त्याच आळीतून चालत होती. खालचं शहर बदललं होतं, एवढंच.

धर्मराजाच्या टॉवरचा वॉचमन मला माहीत होता, माझ्या क्लासच्या वाटेवर आहे. एकदा त्याने मलाच विचारलं होतं, "बेटा, ये अम्मा को समझाओ. रोज एक मछली दे जाती है. हम तो शाकाहारी हैं. मना करो तो कहती है, तेरे लिए नहीं, जगह के लिए है."

ताई तिचा ऑफिसचा आवाज काढून म्हणाली, "एक मार्ग आहे. थांबा विक्रीचा नसेल तर 'विश्रांती' म्हणून नोंदवता येतो. विश्रांती मोजत नाहीत. मग उरले दहा, दहाही हिरवे. कार्ड मिळेल."

"इश्रांती म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही दमून बसलात, असं."

ठमाबाईचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिच्या माशाला शिळा म्हटलं. "मी बसली? पन्नास वर्सं टोपली उचलतंय, रस्त्यान कवा बसली नाय. टोपली उतरवून बसली तर उचलून कोन देल? तो टाला?"

"आय, कागदावरच बसवाचा हाय," कल्पेश म्हणाला. "नायतर ओट्यावर बस मंग. दिसभर. सोडतीत नंबर निंगल त्या ओट्यावर."

सोडत म्हटल्यावर ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. स्क्रीनवर वलांडी अजून दिसत होती. आतल्या खोलीत मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. ओट्यावर बसली तर ना पिशवी, ना आळी. हे तिलाही कळत होतं, आम्हालाही.

"लिव," ती म्हणाली. "बसली म्हनून लिव."

ताईने अकरा वेळा क्लिक केलं. एकेक लाल ठिपका फिकट होऊन गेला. शेवटी स्क्रीनवर साडेनऊनंतरची शहाणी रेघ तेवढी राहिली, हिरवी, सरळ. कुणीही पाहिलं तर म्हणेल, काय शिस्तीची बाई आहे.

"आमची आली दोनदा पुसली," ठमाबाई म्हणाली, "येकदा त्यांनी, येकदा मी." आणि मग आईला, "बाय, उद्या मांदेली आनतंय. घेशील ना?"

कार्ड महिन्याभरात आलं. त्यावरच्या फोटोत तिने श्वास रोखून धरला आहे. आईने अभिनंदन केलं, आणि पुढच्याच आठवड्यापासून नवीन तक्रार सुरू केली. कारण ठमाबाई आता साडेदहाला येत नव्हती. साडेअकराला येत होती. कधी पावणेबारा.

"कार्ड मिळालं तशी आरामात यायला लागली," आई म्हणाली.

एका शनिवारी माझा कामोठ्याचा क्लास उशिरा होता. मी दहाच्या सुमाराला सेक्टरमधून चालले होते आणि एका बैठ्या घराच्या फाटकाशी ठमाबाई दिसली. दाराला कुलूप, गंजलेलं. फाटकाच्या कठड्यावर टोपली ठेवलेली, आणि पायरीवर ती, डावा पाय लांब करून. समोर एक पिवळं मांजर एका मांदेलीचा निकाल लावत होतं. ती बोलत होती. मला वाटलं मांजराशी.

"रमे, बसली बग. तू म्हनाचीस ना, ठमे, जरा टेक, घोटभर चा घे. कवा टेकली नाय. आता कागदान लिवलंय, मंग खोटा कसा पारू? अकरा घरी बसतंय. धर्मराजाकडं तो वाचमन खुर्ची देतं. भारोत्रीन परवा साखली काढली, पानी दिला. तुजेकडंच कोन नाय." मग कुलपाकडे बघून म्हणाली, "फोन लागत नाय तुजा."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी मागे उभी होते, आणि एरवी कुणाचंही कसलंही बोलणं ऐकलं की माझ्या तोंडात ते आपोआप घोळायला लागतं, ते लागलं नाही.

तिला मी दिसले तेव्हा ती दचकली नाही. "कवाची बसली हाय," म्हणाली. "उतरवता येते कठड्यावर. उचलता येत नाय. कोन येल तवा उठवाचा. कदी दूदवाला येतं, कदी पोस्टमन. आज कोन नाय आला."

"किती वेळ?"

"तुजे त्या मशीनला इचार."

तिने गुडघ्यावर हात ठेवून उठायला घेतलं, उजवा पाय आधी. पदराची चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात लाव गो."

मी दप्तर खाली ठेवलं आणि टोपलीला हात घातला. जड होती, मला वाटलं त्याच्या दुप्पट. मी माझी बाजू वर नेली, तिने तिची, आणि टोपली तिच्या डोक्यावर गेली. बर्फाचं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. ती निळी पिशवी चाचपत सातव्या घराकडे निघाली.

वळणापाशी तिची हाक आली. त्या गल्लीत आपटायला समोर काचा नव्हत्या, त्यामुळे शेवटचा 'य' परत आला नाही.