गाडीच्या नाकावरची जाळी

बातमी आली तेव्हा मी दवाखान्याच्या ओसरीत सिरिंजा उकळायला ठेवत होते. नदीपलीकडून होडीत घालून आणलेली, चिखलानं माखलेली सायकल कुडाला टेकवून दौलतभाऊंचा साळा समोर येऊन उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "अरे, बोलशील का काही? कोण आजारी आहे?" तो म्हणाला, "आजारी कोणी नाई बाई. भाऊजी गेले. सकाळीच." ताप होता, डोक्यात चढला. माझं डोकंच फिरलं. "मग इकडं का नाही आणलं? निरोप तरी द्यायचा होता. गाडी पाठवली असती ना आम्ही." बोलून गेले, मग आठवलं... गाडी मागच्या कडुनिंबाखाली विटांवर उभी होती. वर्ष होत आलं होतं तिला तसं उभं राहून. ती चालवणारा एकच माणूस होता आणि त्याच्याच मरणाची बातमी घेऊन हा पोरगा आला होता.

दौलतभाऊ आमच्या दवाखान्याचे ड्रायव्हर. घरचा धंदा मासेमारीचा, ढिवरांचं घर. ड्रायव्हिंग शिकले ते लाकडाच्या डेपोतल्या ट्रकवर. अहेरीपासून आत जंगलात आमचा हा ट्रस्टचा दवाखाना. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला मी मूल गावाहून इथं नर्स म्हणून आले. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी सगळा कारभार मी आणि दौलतभाऊ. पावसाळ्यात रस्ता नाही, उन्हाळ्यात रस्ता असून नसल्यासारखा, आणि पलीकडच्या गावांना यायचं तर मध्ये नदी. अडलेली बाई खाटेवर घालून चार माणसं निघायची आणि आमच्या दारात पोचेपर्यंत बहुतेक वेळा माझ्या हातात करण्यासारखं काही उरायचं नाही. अशा बायका मी किती पाहिल्या ते सांगत नाही, सांगवत नाही. म्हणून परदेशातल्या कुणा देणगीदारांनी दवाखान्याला जंगलात चालणारी मोठी गाडी दिली तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटतो. गाडीला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. दौलतभाऊ पहिल्या दिवशी डावा पाय आपटून आपटून क्लच शोधत होते आणि मी शेजारी हसून हसून बेजार. "बाई, हे गाडी लंगडी हाय. एका पायाची," ते म्हणाले. सडकेवर ती लोण्यासारखी चालायची. पण नदीच्या वाळूत उतरली की मागून जळका वास यायचा आणि बोनेटखालून लाल तेल टपकायचं. पहिल्यांदा ते वाळूवर सांडलं तेव्हा गावातली एक म्हातारी घाबरून ओरडली, "अगं माय, गाडीले रगत आलं!" दौलतभाऊ खाली वाकले, बोटानं तेल चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "रगत नाई आजी, तिचा गिअर तापून राह्यला. थंड देशातली बाई हाय, आपलं ऊन तिले सोसत नाई." चाकं वाळूत रुतायची, गिअरच्या पेटीतलं तेल आतल्या आत घुसळून तापायचं आणि रेडिएटरला ते निववणं जमायचं नाही. मग तासभर थांबा. पेशंट आत कण्हत असताना गाडी निवायची वाट पाहत बसायचं... त्या तासाला काय म्हणतात ते ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक.

इलाज त्यांनीच शोधला. चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, भंगारवाल्याकडं खाणीतल्या एका मोडक्या मशीनचा तेल थंड करायचा कूलर पडला होता. दिसायला छोट्या रेडिएटरसारखा, बारीक नळ्या आणि पत्र्याच्या पापुद्र्यांचा. तो पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून घेऊन आले. ट्रस्टच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं, परदेशी गाडीला भंगार लावता म्हणून. दौलतभाऊ म्हणाले, "साहेब, नाई जमलं तर काढून फेकतो." सगळा रविवार आम्ही त्या कामात घातला. आधी कूलर रॉकेलनं धुवायचा. आतून काळा गाळ निघतच राहिला. धुतलेलं रॉकेल गाळायला त्यांनी माझं गॉज मागितलं तेव्हा मी भांडलेच, "ते जखमेचं गॉज आहे, तुमच्या इंजिनाचं नाही." तर म्हणतात, "बाई, जखमच हाय हे बी." दिलं मग. करते काय. कुठल्या नळीतून तेल थंड व्हायला जातं आणि कुठल्या नळीतून गिअरकडं परततं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी एक जोड सैल केला, खाली डबा धरला आणि मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. "म्या हात वर केला का बंद करा." मी किल्ली फिरवली, हात वर झाला, बंद केली. रेडिएटरच्या तोंडातून लाल तेल डब्यात आलं होतं. रेडिएटरमधून परतणारी तीच नळी. तिथंच ती कापून, तेलाला टिकणारा रबरी पाइप जोडून, रेडिएटरच्या पुढं कूलर बसवला. पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे. क्लिपा आवळल्या, गाडी चालू ठेवून तेल भरलं आणि दौलतभाऊ उताणे पडून कितीतरी वेळ एकेका जोडाला कोरडं फडकं लावून पाहत राहिले. फडकं कोरडंच राहिलं तेव्हा बाहेर येऊन म्हणाले, "घ्या. आता तिले नाक बसवलं."

नाक हाच त्यांचा शब्द. कूलर म्हणजे गाडीचं नाक, त्यातून वारा गेला तरच तेल निवायचं. आणि त्या नाकात कुसळं, किडे, गवताचं बी जाऊ नये म्हणून त्यांनी समोर जाळी विणली. घरच्या धंद्यातलं कौशल्य, नायलॉनच्या दोऱ्याची, मासोळी धरायच्या जाळीसारखीच, फक्त हातभर. संध्याकाळी गाडी लावली की आधी जाळी सोडायची, झटकायची, फुंकर घालायची, पुन्हा बांधायची. मग हातपाय धुणं. जेवायला उशीर झाला तरी चालेल, पण नाक साफ झाल्याशिवाय माणूस घरात शिरायचा नाही. त्यानंतर गाडी वाळूत थांबली नाही. भर उन्हाळ्यात पलीकडून बायका आणल्या, साप चावलेली माणसं आणली, झाडावरून पडलेले आणले. पलीकडच्या गावांतली कितीतरी लेकरं त्या गाडीमुळं जिवंत आहेत. लोक गाडीला नमस्कार करायचे. मला हसू यायचं, पण मनातून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग गेल्या वर्षीचा दसरा.

माझ्यासाठी तो धम्मदीक्षेचा दिवस. पांढरं पातळ नेसून मी अहेरीला वंदनेला निघणार, तेवढ्यात पलीकडच्या एका गावाहून निरोप आला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भिवराबाई नावाच्या म्हातारीची एकुलती एक लेक, शेवंता, आदल्या दिवसापासून अडली होती. आम्ही तसेच निघालो. नदीचं पाणी ओसरून घोट्यावर आलं होतं, वाळू मात्र ओली, भुसभुशीत. जाताना गाडी आरामात पार झाली. शेवंताला पाहिलं आणि कळलं, हे माझ्या हातचं नाही, अहेरीला मोठ्या दवाखान्यातच न्यायला हवं. रक्त जायला लागलं होतं. तिला सलाइन लावून, खाटेवरून उचलून बाहेर आणेस्तोवर थोडा वेळ गेला... आणि तेवढ्या वेळात गावानं गाडीची पूजा केली होती.

त्यांचं काय चुकलं? दसऱ्याला नांगर पुजतात, कुऱ्हाड पुजतात, आणि ही गाडी तर त्यांच्या लेकीला घेऊन जायला आली होती. घराघरातून माणसं सोनं घेऊन आली. आपट्याची पानं ठेवायची कुठं? बोनेटवर ठेवली तर उडतात. समोर जाळी होती, सोन्यासाठीच विणल्यासारखी. एकेका घरानं मूठ मूठ पानं त्या जाळीत खोचली. वरून झेंडूची माळ. गाडीचं नाक पुरतं बुजलं. दौलतभाऊंनी पाहिलं आणि धावत जाऊन ओरबाडायला लागले, तर भिवराबाईनं त्यांचा हात धरला. "राहू दे रे बापा. सोनं हाय. माह्या पोरीचं ओटीतलं काढू नको." दौलतभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी शेवंताची नाडी धरून होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, "बरं माय. राहू दे." मग गाडीत बसताना पुटपुटले, "गाव मागं पडलं का काढतो." पण गाव मागं पडलं तेव्हा शेवंता ओरडत होती, मी "चला, चला" करत होते आणि गाडी थांबवायची कुणाची छाती होती?

वाळूच्या मधोमध जळका वास आला. नंतर धूर. मग गाडीच्या पोटातलं सगळं लाल तेल उकळून वाळूवर आलं आणि चाकं फिरेनाशी झाली. इंजिन नुसतं ओरडत होतं. दौलतभाऊ खाली उतरून जाळीतली पानं काढत होते. एकेक. बोटं भाजत होती, तरी काढत होते. मी आतून ओरडले, "अहो, ती पानं सोडा, माणसं बोलवा, बैल आणा." त्यांना ऐकू गेलं नसावं. बैल आले, खूप उशिरानं आले. शेवंता तोवर वाळूवरच, त्या गाडीतच, माझ्या मांडीवर गेली. पोटातलं लेकरूही गेलं. लेकीसोबत गाडीत आलेली भिवराबाई बाजूला बसून होती आणि तिच्या पदरात अजून थोडं सोनं होतं.

गाडी ओढून आणली. गिअरच्या पेटीतल्या आतल्या चकत्या जळून कोळसा झाल्या होत्या आणि तिचे भाग या देशात मिळत नव्हते. ट्रस्टनं पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. मला आजही त्या देणगीदारांचा राग येतो, साहेबांचा येतो, त्या वाळूचा येतो. कुणाकुणाचा म्हणून सांगू. पण सगळ्यात जास्त राग दौलतभाऊंचा. कारण गावानं विचारलं, गाडी बंद का पडली, तेव्हा हा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "तेल कमी होतं. म्या पाह्यलं नाई. माही चूक." लोकांनी शिव्या दिल्या. शेवंताच्या नवऱ्यानं थोबाडीत मारली. दौलतभाऊंनी मान खाली घातली ती घातलीच. दवाखान्यात परत आल्यावर मी चिडून म्हटलं, "खोटं का बोललात? त्यांनीच पानं खोचली, तुम्ही काढत होतात, मी पाहिलं." तर हा माणूस माझ्या पाया पडायला लागला. "बाई, तुमाले तुमच्या बाबासाहेबाची आण हाय. त्या म्हातारीले सांगू नका. लेक गेली तिची. आता सोन्यानं मारली म्हनून सांगू तिले? मंग तिनं जगाचं काऊन?" मी म्हटलं, "आणि तुम्ही कसं जगणार?"

मी त्यांना पुष्कळ सांगितलं की इतका रक्तस्राव होता, अहेरीला पोचूनही ती वाचली असती असं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नाही, आणि त्यांना माझं खोटं लगेच कळायचं. काही दिवस ते दवाखान्यात नुसते यायचे, बंद गाडी पुसायचे, जाळी सोडून झटकायचे, पुन्हा बांधायचे. एक दिवस आलेच नाहीत. नदीपलीकडं आपल्या गावी जाऊन पुन्हा मासे धरायला लागले, म्हणून कळलं. मी दोनदा निरोप धाडला. एकदा मासोळ्या आल्या उत्तरादाखल, सागाच्या पानात बांधलेल्या. माणूस आला नाही.

त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. ताप चढत होता तेव्हा घरचे म्हणाले, खाटेवर घालून बाईंकडं नेतो. ते म्हणाले, "नको. गाडी नाई, कशाले लोकांचे खांदे मोडता? पानी बी चढलं हाय." खाट काढली होती दारात, त्यांनी ती परत ठेवायला लावली. मलेरियाचं इंजेक्शन माझ्या कपाटात होतं. नदीच्या अलीकडं, माझ्या कपाटात. हे मला मरेपर्यंत पुरणार आहे.

या दसऱ्याला मी वंदनेला गेले नाही. दुपारी भिवराबाई आली, काठी टेकत, नदी ओलांडून, पदरात सोनं घेऊन. वर्षभरात पार वाळून गेली होती. म्हणाली, "त्याले शिव्या दिल्या होत्या म्या. पन पयले कितीक लेकरं वाचवले त्यानं. त्याच्या घरी जायाचं होतं, पन ते लय दूर, तेवढं आता चालवत नाई. त्याचं सोनं इथी ठेवू का?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ती मागं कडुनिंबाखाली गेली. विटांवरच्या गाडीसमोर वाकली आणि जाळीत एकेक पान खोचायला लागली. नीट, एकाही पानाची घडी मोडू न देता. तोंडाशी आलेलं खरं मी गिळलं... ठेव म्हटलं, माय, ठेव.

तिला चहा दिला, नदीपर्यंत सोबत माणूस दिला. ती वळणाआड दिसेनाशी झाली तशी मी मागं गेले. जाळी सोडली, सगळी पानं काढली, झटकली, फुंकर घातली आणि पुन्हा बांधून टाकली. गाडी कुठं जाणार नव्हती.